कानांचाही विचार करा
रुग्णांना उपचार समजावून सांगणाऱ्या इंटर्ननी (शिकाऊ उमेदवारांनी) सोप्या भाषेतली पत्रकं वापरावीत, हे मान्य. पण माजी सैनिक असलेल्या रुग्णांच्या बाबतीत आधी अडचण येते ती ऐकण्याची. बंदुका, तोफा, इंजिनांच्या आवाजाने उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, श, फ यांसारखे उच्चार निसटतात. आवाज पोहोचतो, शब्द कळत नाहीत, आणि शिस्तीच्या सवयीने उत्तर मात्र 'हो, समजलं' असंच येतं. ओरडून काही साधत नाही, उलट उच्चार बिघडतो. टीव्ही-पंखा बंद करा, उजेडात समोरासमोर बसा, श्रवणयंत्र घातलंय आणि चालू आहे ना ते विचारा.

एका बैठकीत दोन-तीनच मुद्दे घ्या. मग 'कळलं का?' न विचारता 'मी नीट सांगितलं का ते बघू, तुम्ही करून दाखवा' म्हणा. उदाहरणार्थ, इन्सुलिन पेन (मधुमेहाचं इन्सुलिन टोचायचं पेनसारखं साधन) वापरताना दोन चुका हमखास दिसतात: टोचण्याआधी 2 युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते न पाहणं, आणि बटण दाबताच सुई उपसणं. बटण दाबल्यावर सुई आत ठेवूनच दहापर्यंत मोजायला लावा, नाहीतर औषध बाहेर गळतं. चुकलं तर तेवढाच टप्पा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. डोसबद्दल प्रश्न आला तर तो नर्स किंवा डॉक्टरकडे. इंटर्नने तिथे मत देऊ नये.