शब्दचर्चा : व्यायामाचा नेम, नाद की व्यसन?

पंचवटीकर : माझा मावसभाऊ पहाटे पाचला गोल्फ क्लब मैदानावर दहा किलोमीटर पळतो, संध्याकाळी जिम, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या वरखाली. मध्यंतरी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं; हा तिसऱ्या आठवड्यात क्रेप बँडेज गुंडाळून मैदानात हजर. कोणी बोललं की खेकसतो. मावशी म्हणते, "मेल्याला नाद लागलाय." वहिनी म्हणते, "व्यसन." तो म्हणतो, "माझा नेम आहे." यातला बरोबर शब्द कोणता?

सिडकोकर : व्यसन नको हो. दारू-तंबाखूला ठेवा तो शब्द. घाम गाळणाऱ्या माणसाला व्यसनी म्हणायचं म्हणजे फारच झालं.

गंगाकाठ : सिडकोकर, दारू-तंबाखू ही मराठीने अरुंद केलेली व्याख्या. संस्कृतात वि + अस्, म्हणजे फेकून देणं. त्यावरून व्यसन म्हणजे आधी संकट, मग माणसाला संकटात लोटणारी खोड. मनुस्मृतीत कामातून उपजणारी दहा व्यसनं सांगितली आहेत. त्यात शिकार, जुगार, मद्य यांच्या पंगतीला 'वृथाट्या' बसली आहे, म्हणजे उगाच भटकत राहणं. दिवसा झोपणंसुद्धा आहे, तेव्हा आपण सगळेच सापडतो.

शास्त्रीय अंगाने विचाराल तर घोळ आहे. 2013 साली आलेल्या अमेरिकन मनोविकार-सूचीत (डीएसएम-5) पदार्थाविना जडणाऱ्या व्यसनांत रीतसर मान्यता एकट्या जुगाराला मिळाली. व्यायाम त्यात नाही. पण लक्षणं तीच : आधी अर्ध्या तासात भागायचं ते दोन तासांत भागेना, एक दिवस खाडा झाला की तलफ, चिडचिड, झोप उडणं, दुखापत दिसत असून न थांबणं. 1970 साली बेकलंड नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाला, व्यायाम महिनाभर थांबवला तर झोपेवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. रोज व्यायाम करणारे पैसे देऊनही थांबायला तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांवर त्याला भागवावं लागलं.

सिडकोकर : मग आपल्या नाशिकच्या त्या दोन डॉक्टर भावांचं काय? 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, आपण सत्कार केले. धावपटू कविता राऊत काय थोडी पळाली असेल? तिला कोणी व्यसनी म्हणालं का?

गंगाकाठ : म्हणू नयेच. किलोमीटर मोजून हे ठरतच नाही. थांबा म्हटल्यावर थांबता येतं का, एवढंच पाहायचं. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात व्यायाम 'अर्धशक्तीने' करा म्हटलंय. आणि ताकदीबाहेर व्यायाम, जागरण, चालणं करणारा, हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असंही. या सगळ्याला त्याने दिलेला शब्द आहे 'साहस'! आज तोच शब्द आपण शाबासकीला वापरतो.

कॉलेजरोड : मावशींचा 'नाद' मला आवडला. संतांच्या दृष्टान्तात नादाला भुललेलं हरिण पारध्याच्या हाती सापडतं, तेच इथे. पण सायकलचा नाद, भजनाचा नाद असंही आपण कौतुकाने म्हणतो, म्हणून तो शब्द सौम्य पडतो. मी 'आहारी जाणं' म्हणेन. व्युत्पत्ती काही असो, मला त्यात खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण हे ऐकू येतं.

शिवाय तुमच्या मावसभावाचं क्रियापद ऐका. "आज नाही गेलो" म्हणतो की "आज चुकलं"? चुकते ती पूजा, वारी, नेम. 'नेम' शब्दाची गोम इथेच आहे, तो पाळला नाही की पाप लागल्यासारखं होतं. शिस्त म्हणून आपण पाठ थोपटतो आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं.

पंचवटीकर : ऐकलं. काल दिवसभर पाऊस, मैदानात चिखल. सकाळी विचारलं तर म्हणाला, "चुकलं आज." रात्री अकराला हॉलमध्ये दोरीच्या उड्या सुरू. नडगीचं ते तसंच. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, तेव्हा कुठे थांबला. तोही दोरी हातातच धरून.