'एक्स्पोर्ट' म्हणजे निर्यात की प्रत काढणं?

गावातल्या अहिराणी शब्दांची यादी मी गेल्या दिवाळीपासून साध्या मजकुरात टिपतोय. शीर्षकाआधी जाळीची खूण, ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका. एक नोंद अशी:

## खापर
नाम. मांडे भाजायचं मातीचं भांडं. चुलीवर पालथं ठेवतात.

ही मार्कडाउनची पद्धत, जॉन ग्रूबरने 2004 मध्ये आणलेली. याच फाइलवरून पँडॉक नावाचा प्रोग्राम वर्डची फाइल, पीडीएफ, वेबपान, हवं ते तयार करून देतो. या क्रियेला मराठी मेनूंमध्ये 'निर्यात करा' म्हणतात. मला तो शब्द अजिबात पटत नाही.

आमच्या रावेर-यावलकडे निर्यात म्हटलं की केळी. फण्या धुऊन, खोक्यांत भरून, थंड कंटेनरमधून माल आखाताकडे जातो. बागेतून गेलेला घड परत येत नाही. इथे मात्र मूळ फाइल जागच्या जागी राहते आणि तिच्यावरून दहादा पीडीएफ करता येते. हे सातबाऱ्यासारखं आहे. नोंद दप्तरात राहते, आपण उतारा काढतो. गावातली पोरंही 'पीडीएफ काढी दे ना भाऊ' असंच म्हणतात. 'निर्यात करी दे' म्हणणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. झेरॉक्स काढतो, प्रिंट काढतो, फोटो काढतो. मग इथेही 'काढणे' का नको?

प्रतिसाद:
दादा, 'काढणे' आपलंच आहे, पण त्यात एक घोळ आहे. 'फॉरमॅटिंग काढ' म्हटलं तर ते करायचं की पुसायचं? 'तारका काढ' म्हणजे तर सरळ पुसणंच. एकाच मेनूत दोन्ही आलं तर माणूस गोंधळेल. आणि 'उतारा' हे नाम तर नकोच. पाठ्यपुस्तकातला उतारा वेगळा, विषावरचा वेगळा, तिठ्यावर ठेवलेला त्याहून वेगळा.

माझं उत्तर:
ताई, उताऱ्याचं पटलं, सोडला. 'काढणे'चा घोळ मात्र आपली संयुक्त क्रियापदंच सोडवतात. पुसायचं असेल तर 'काढून टाक', हाती हवं असेल तर 'काढून दे' किंवा 'काढून घे'. म्हणून 'खुणा काढून टाका' आणि 'पीडीएफ प्रत काढा'. 'प्रत' शब्दात मूळ शाबूत असल्याचं आपोआप येतं, म्हणून तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

प्रतिसाद:
'मार्कअप'ला काय म्हणायचं? मी 'खुणा' म्हणते. छापखान्यात संपादक हस्तलिखितावर लिहून द्यायचे: हे जाड, हे तिरपं, इथे मोठा टाइप. जुळारी त्या खुणा वाचून खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचा, खुणा स्वतः छापल्या जात नसत. तारकांचंही तेच.

माझं उत्तर:
अगदी नेमकं. म्हणजे तारका लिहिताना आपण संपादक, आणि पँडॉक जुळारी. मजकुरात खुणा, प्रतीत मांडणी, हा फरक शब्दांतही टिकला पाहिजे. 'फॉरमॅटिंग'ला 'मांडणी' रुळलेलाच आहे. 'स्वरूपण' वगैरे घडवलेले शब्द मला जड वाटतात.

पहिली पीडीएफ काढली तेव्हाचं सांगतो. पानांवर फक्त पृष्ठक्रमांक आणि विरामचिन्हं उरली होती, मराठीचं एक अक्षर नाही! महिनोन्‌महिने जमवलेले शब्द गेले की काय म्हणून पोटात गोळा आला. मूळ फाइल उघडली तर सगळं जागेवर. पँडॉकसाठी पीडीएफ जुळवणाऱ्या झीटेक या प्रोग्रामच्या ठरलेल्या टाइपात देवनागरी अक्षरंच नव्हती, म्हणून ती गाळली गेली. 'नोटो सेरिफ देवनागरी' हा फाँट नेमून दिला आणि जोडाक्षरांसकट सगळं उमटलं. त्या दिवशी 'प्रत बिघडली, मूळ नाही' हे वाक्य आपसूक तोंडून निघालं. 'निर्यात बिघडली' म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने विचारलं असतं, माल कुठे अडकला?

वर्डच्या प्रतीला असा त्रास झाला नाही. शैली ठरवून ठेवलेली नमुना फाइल पँडॉकला दिली की शीर्षकं तिच्याप्रमाणे येतात. तिला मी 'नमुना'च म्हणतो.

धुळ्या-जळगावच्या जुन्या छापखान्यांत खिळे जुळवलेलं कोणी इथे असेल, तर संपादकाच्या त्या खुणांना तुम्ही आपसांत काय म्हणायचात, तेवढं लिहा. तो शब्द मला यादीत घ्यायचा आहे.