शहरी बेघरांचे निवारे : सरकारी पैसा बांधकामावर की चालवण्यावर?

धागाकर्ता : सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा हे प्रमाण घालून दिले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे तिथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपासही गेलेली नाही. त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले, पण आज कोणत्या दुकानाच्या पायरीवर झोपायला मिळेल हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नसते, त्याची गणती पूर्ण झाली असेल असे मला वाटत नाही. योजनेत निवारा चालवण्याच्या खर्चाला मदत होती, तीही पहिल्या पाच वर्षांपुरती. माझ्या मते खरी गरज याच पैशाची आहे आणि तो कायमस्वरूपी मिळायला हवा.

करदाता : मी असहमत आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका याचिकेवर स्पष्ट म्हटले होते, की बेघरांनीही देशासाठी काम करावे आणि सगळेच काही राज्याने पुरवावे अशी अपेक्षा धरता येणार नाही. फुकट सोयींमुळे काम करण्याची वृत्ती कमी होते, ही चिंता फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही बेघरांच्याच प्रकरणात व्यक्त झाली. शिवाय जे निवारे आहेत, त्यांतले काही अर्धे रिकामे असतात. लोक जायलाच तयार नसतील तर आणखी निधी कशासाठी? हाच पैसा रोजगार प्रशिक्षणाला द्यावा, आणि पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे राहावेत.

रात्रपाळी : काम करत नाहीत, हे गृहीतकच चुकीचे आहे. आमच्या शहरात एका उड्डाणपुलाखाली राहणारी कुटुंबे पहाटे फुलबाजारातून सुटी फुले आणतात, दुपारभर गजरे ओवतात आणि संध्याकाळी सिग्नलवर विकतात. मुलीचे दप्तर उंदरांपासून वाचावे म्हणून जाळीला उंच टांगलेले असते. त्यांना दहा किलोमीटरवरचा, फक्त पुरुषांना घेणारा निवारा दाखवला तर नवरा एकीकडे आणि बायको-मुले दुसरीकडे, असे ते का स्वीकारतील? निवारे बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावेत, कुटुंबांची वेगळी सोय असावी, हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. निवारे रिकामे का राहतात, याचे उत्तर तिथे शोधा. आणि २०२१ च्या त्याच निकालात बेघरांना सार्वजनिक स्वच्छतागृहे विनामूल्य वापरता येतील का, याचा विचार करण्यास राज्याला सांगितले होते, तेही आठवावे.

करदाता : जागेचा मुद्दा मान्य. पण दादर किंवा भायखळ्यासारख्या ठिकाणी जमिनीचा भाव पाहता तिथे शंभर जणांचा निवारा बांधणे व्यवहार्य नाही, आणि त्या पैशात शहराबाहेर भाड्याची कितीतरी घरे देता येतील. घर मिळाले तर पत्ता मिळतो, पत्ता मिळाला की शिधापत्रिका होते. निवाऱ्यात माणूस वर्षानुवर्षे निवाऱ्यातच राहतो.

धागाकर्ता : भाड्याच्या घरांना माझा विरोध नाही, उलट निवाऱ्यानंतरची पायरी तीच असायला हवी. मात्र आजारी, वृद्ध, मनोरुग्ण आणि घरातून हाकललेल्या बाईला आज रात्री जागा लागते. जमिनीबद्दल म्हणाल तर नवे बांधकामच कशाला हवे? पटसंख्येअभावी बंद पडलेल्या पालिका शाळांच्या इमारती आणि वापरात नसलेली समाजमंदिरे मध्यवस्तीतही आहेत. त्यांची दुरुस्ती जमीन घेण्यापेक्षा फार स्वस्त पडते. खर्च होतो तो त्यापुढे : रात्रंदिवस हजर राहणारा काळजीवाहक, पाणी, सफाई, सामान ठेवायला कुलपाचे कपाट आणि आधार-शिधापत्रिकेसाठी कार्यालयात सोबत जाणारा कार्यकर्ता. काळजीवाहकाचा पगार चार-चार महिने थकला की तो काम सोडतो, संध्याकाळी दाराला कुलूप लागते, आणि पुढच्या वर्षी तोच निवारा ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद होतो. म्हणून पालिकेच्या अर्थसंकल्पात प्रत्येक निवाऱ्याच्या नावाने चालू खर्चाची वेगळी तरतूद असावी, एवढीच माझी मागणी आहे.