सांभाळायला गेलो आणि जीव जडला: तुमचे अनुभव लिहा

आबोली

काल आमच्या परसात नारळ पाडणारा पाडेली आला होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पहिला नारळ पडला, धप्प. मग दुसरा. सातव्या-आठव्याला लक्षात आलं की मी मनातल्या मनात मोजतेय आणि हात थांबलेत. सूप बाजूला ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. म्हणून हा धागा.

2008 साली मी 22 वर्षांची होते. गाव दोडामार्ग तालुक्यात. आजारी माणसं सांभाळायचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. गोव्यात सासष्टीत एका भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, काम लागलं. त्यांचं वय 81. घर एवढं की पहिले चार दिवस मी स्वयंपाकघराची वाट चुकायचे. शिंपल्यांच्या खिडक्या, त्याही बंदच. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पुतण्यांशी कोर्टात केस. फेस्ताला दार उघडत नाहीत, पाद्रींनासुद्धा बाल्कांवातूनच (पुढच्या ओसरीतूनच) परत पाठवतात, असं गावात सांगायचे. काम लावून देणारी बाई म्हणाली, या वर्षातली तू तिसरी मुलगी. आठवडा टिकलीस तर कळव.

पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. हवं ते बोटाने दाखवायचे.

मग नारळ पाडायचा दिवस आला. मी बाहेर बघायला निघाले तर पहिल्यांदा आवाज आला, "हांगा बस." खिडकी बंद. ते डोळे मिटून बसले आणि एकेक धप्प आवाजाला बोटाचं पेर पुढे सरकवू लागले. मीही बसले. दुसरं करायचं काय? संध्याकाळी मुकादम दाराशी येऊन म्हणाला, 209. भाटकारांनी वहीत लिहिलं 212 आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो तीन नारळ शोधायला पळाला. मी न राहवून म्हटलं, "214. दोन तळीत पडले. त्यांचा आवाज वेगळा आला." 

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माणूस पाठवला. तळीत दोन नारळ तरंगत होते. भाटकार हसले, आणि त्या घरात हसण्याचा आवाज इतका नवा होता की आतून मांजर धावत आलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी पहिला प्रश्न, "तूं जेवलें?" मी स्वयंपाकघरात बाकावर बसून जेवायचे. एकदा वॉकर सरकवत ते तिथे आले आणि माझ्याजवळ बसले. मोठ्या दालनात वीस माणसांचं कोरीव टेबल होतं, त्यावर कायम चादर. पुढची चार वर्षं आम्ही त्या धुरकटलेल्या बाकावर पेज आणि खारं खाल्लं. नखं कापताना डावा हात आधी द्यायचे, उजव्याला उशीर लावायचे, म्हणजे गप्पा लांबतील. मला त्यांनी पोर्तुगीज आकडे शिकवले, मी त्यांना मालवणीतली उखाणी.

2012 च्या पावसात पहाटे गेले. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत होता. दुपारपर्यंत घर भरलं. मला सामान आवरायला सांगितलं आणि फाटकात बॅग उघडून बघितली. दफनाला मी इगर्जीच्या (चर्चच्या) गडग्यापाशी उभी होते. मूठभर माती घालायला मला कुणी पुढे बोलावलं नाही. सगळे गेल्यावर पाडेली आणि मी, आम्ही दोघांनी घातली.

गावात नि घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, तुला काय ठेवलं? तो प्रश्न इथे कुणी विचारणार नाही असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं कुणाला सांभाळलंय का? लिहा ना.

सुरंगी

आबोली, भाकरी तव्यावर करपली वाचताना. मांजर धावत आलं तिथे हसले आणि मातीपाशी घशात आवंढा. पुन्हा येते.

वाळपईकर

पणजी, मळा भागात. 1998. मी 19, साहेब 76. उमेदीची वर्षं मोझांबिकला काढलेली, 1975 ला तिथे स्वातंत्र्य आलं तेव्हा परत आलेले. पैसा भरपूर. दार फक्त दूध आणि पेपर घ्यायला उघडायचं, तेही मी.

माझं मुख्य काम पेपर वाचून दाखवणं. पहिल्या पानापासून नाही, निधनाच्या पानापासून. ओळखीचं नाव आलं की म्हणायचे, थांब, परत वाच. मग अंत्यसंस्काराची वेळ विचारायचे. समजा साडेचार. तर तीन वाजता मी त्यांची दाढी करायची, काळा सूट काढायचा, बुटांना पॉलिश करायचं. नाडी स्वतः बांधायचे, हात थरथरायचे तरी. आणि खुर्चीत बसून राहायचे. साडेचार, पाच, सव्वापाच. मग म्हणायचे, झालं असेल आता. मी बूट काढायचो.

पहिल्या वेळी मला वाटलं टॅक्सी यायची राहिली. तिसऱ्या वेळेपासून मी पण धुतलेला शर्ट घालून शेजारी स्टुलावर बसायला लागलो. काही बोलायचो नाही. एकदा त्यांनी माझी कॉलर नीट केली. माझ्या वडिलांनी कधी केली नव्हती.

कदंब बसच्या थांब्यावर उभा राहून लिहितोय, चुका असतील.

काणकोणचो_वारो

पोदेराचा भोंपू वाचून डोळ्यांत पाणी. आमच्या वाड्यावर आता आठवड्यातून तीनच दिवस येतो. पोळी (कोंड्याचा पाव) मिळते, काकणां (बांगडीसारखे कडक पाव) मिळेनाशी झालीत. इतरांकडे काय परिस्थिती?

पुण्याची_पाहुणी

"तूं जेवलें?" का? मुलगी ना ती?

काणकोणचो_वारो

@पुण्याची_पाहुणी, कोकणीत लग्न न झालेल्या मुलीला नपुंसकलिंगी बोलतात. आयलें, गेलें, जेवलें. त्यात मायाच असते. आपलं मूल म्हणतो तसंच.

सुरंगी

हो, माझी आजी मला अजून "आयलें गो म्हजें बाय" म्हणते. मला दोन मुलं आहेत.

बांबोळी_नाईट

छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मी याच कामातली, म्हणून एक गोष्ट लिहितेच. जीव जडतो हे खरं. त्याच जीवाच्या नावाखाली मुलींकडून चोवीस तास काम करून घेतात हेही खरं. "तू घरचीच आहेस" म्हणतात आणि रविवार देत नाहीत. झारखंड, आसाम, ओडिशातून पोरी येतात, त्यांना भाषा येत नाही, झोपायला पेशंटच्या पलंगाखाली चटई. मी स्वतः अशा एका घरी चौदा महिने काढले. आजी सोन्यासारखी होती, तिच्यासाठी टिकले. तिच्या मुलाने शेवटचे दोन पगार दिले नाहीत.

पगार, सुटी, रात्रीचे तास पहिल्याच दिवशी लिहून घ्या. त्यानंतर जीव लावा, हवा तेवढा लावा.

शेवंती

@बांबोळी_नाईट ताई, विषय सोडून विचारते, रागावू नका. सासूबाई दीड महिना अंथरुणात आहेत. कमरेखाली लाल चट्टा आलाय, दाबला तरी लाली जात नाही. पावडर लावू का?

बांबोळी_नाईट

पावडर नको, चोळू पण नको. लाली जात नाही म्हणजे जखमेची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, गजर लावून. चट्ट्यावर भार अजिबात येऊ देऊ नका. हवेची गादी मिळाली तर घ्या, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबवू नका. चादरीला सुरकुती नको, ओलं लगेच बदला. टाचाही बघा, त्या सगळे विसरतात. कातडी फुटायच्या आत डॉक्टरांना दाखवा. उद्याच.

शेवंती

देव बरें करूं ताई. टाचा बघितल्या. डावी लाल आहे. उशी लावली.

माटोळी

मी दुसऱ्या बाजूची. म्हणजे ज्यांनी माणूस ठेवला त्यातली. मस्कतला असते.

आत्या म्हार्दोळला एकटी. राजांगणाचं घर, भाट, कुळागर, सगळं. भावांशी वाटणीवरून बोलणं तुटलेलं आणि एवढं कडक सोवळं की शेजारच्या बायकाही यायच्या बंद झाल्या. 2020 च्या जानेवारीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाई मिळेना म्हणून ओडिशाचा 20 वर्षांचा मुलगा ठेवला. आत्याने मला फोनवर झापलं, माझ्या स्वयंपाकघरात मुलगा? मार्चमध्ये सगळं बंद पडलं आणि ती दोघंच राहिली त्या घरात. मी रोज घाबरून फोन करायची.

मे महिन्यात फोनवर मागून आवाज, "आत्या, कोकमां उलथली." तो कोकमं वाळत घालत होता. तिचं सोवळं कधी सुटलं ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या वर्षी चवथ 22 ऑगस्टला. आत्याने काका गेल्यापासून माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळा-फुलांची चौकट) बांधली नव्हती, नुसता गणपती पुजायची. पोराने शेजारच्या मुलांकडून ऐकलं आणि दोन दिवस डोंगरात फिरून कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचं शिपटं, काय काय आणलं. एक वेल चुकीची निघाली, खाज सुटली हातभर. आत्याने व्हिडिओ कॉलवर मला माटोळी दाखवली. खुर्चीत बसून ती सांगत होती, तो बांधत होता. तिचा आवाज माझ्या लहानपणीचा होता.

गेल्या वर्षी ती गेली. आम्ही सगळे भाऊबहिणी पोचलो. बॅग तपासायचं कुणीतरी काढलं. मी नको म्हटलं, पण हळू म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं. आबोली, तुमचं फाटकाचं वाक्य वाचून राहवलं नाही. त्याला आज फोन केला. तो गंजामला आहे, लग्न ठरलंय. मी जाणार आहे.

आबोली

@माटोळी, जा. नक्की जा. तुम्ही लिहिलंत हेच माझ्यासाठी खूप आहे.

वकिलीण_डिचोली

तो प्रश्न विचारायचा नाही हे मान्य. पण कायद्याचं सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. आपल्याकडे वारसाहक्क 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलाय, आता त्यावर 2012 चा गोव्याचा कायदा आहे. मुलं किंवा आई-वडील हयात असतील तर निम्मा हिस्सा त्यांचाच, मृत्युपत्र करता येतं ते उरलेल्या निम्म्याचं. पण ज्यांना दोन्ही नाहीत त्यांचे हात मोकळे. पुतण्यांना अडवता येत नाही. म्हणजे आबोलीचे भाटकार मनात आणते तर काहीही करू शकले असते. नातेवाईक बॅगा उघडतात त्या या भीतीने.

आबोली

त्यांनी मनात आणलं होतं. 2011 च्या चतुर्थीला मी घरी जाऊन आले तेव्हा म्हणाले, नोटरीला बोलावतो. मी म्हटलं, मग मी तुमची नातेवाईक होईन आणि नातेवाइकांना तुम्ही दार उघडत नाही. ते गप्प झाले. मग उजवा हात पुढे केला, नखं काप म्हणून. अजून वाढली नव्हती.

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

सुरंगी

काय लिहू आता.

घाटावरची

अमेरिकेतली ह्युगेट क्लार्क आठवली. तांब्याच्या खाणींवर अफाट श्रीमंत झालेल्या सिनेटरची मुलगी. न्यूयॉर्कमध्ये मोठाली घरं असून शेवटची वीस वर्षं हॉस्पिटलच्या खोलीत राहिली, बाहुल्या जमवायची, कुणाला भेटायची नाही. 2011 साली 104 व्या वर्षी गेली. तिच्या नर्सला हयातीत तीन कोटी डॉलरहून अधिक भेटी दिल्या होत्या. मग नातेवाईक, कोर्ट, आणि तडजोडीत नर्सला त्यातले 50 लाख परत करावे लागले. मी त्यावर वाचलं ते बहुतेक पैशाचंच. वीस वर्षं त्या दोघी दुपारच्या काय बोलत असतील, ते मला वाचायचंय. या धाग्यावर तेच मिळालं.

वाळपईकर

घरी पोचलो. राहिलेलं लिहितो. साहेब 2003 ला गेले. निधनाच्या पानात त्यांचं नाव मीच वाचलं, मोठ्याने, एकट्याने, सवयीने. वेळ साडेचारची होती. धुतलेला शर्ट घातला. त्या दिवशी मात्र मी गेलो, आणि बूट त्यांचेच घातले, ते त्यांनी मला आधीच दिले होते. एक नंबर मोठे होतात. पुढे कापूस घालतो.

काणकोणचो_वारो

वाळपईकर 🙏

आबोली, तुमचा पाडेली कुठला? आमच्याकडे तीन महिने कुणी मिळत नाही. सुकलेले नारळ आपोआप खाली पडतात, परवा स्कूटरची सीट फाटली.

आबोली

फोंड्याजवळचा आहे, काणकोणपर्यंत यायचा नाही हो. विचारून बघते.

काल दोन माड राहिले होते, ते आज सकाळी पाडले. मी आत होते, मुद्दाम बाहेर गेले नाही. सगळे मिळून माझे 163 झाले. मुलगी शाळेचा डबा भरता भरता म्हणाली, आई 164, एक गोठ्याच्या पत्र्यावर पडला. बघून आले. पत्र्याला पोचा आहे, नारळ मागे गवतात होता.