दहा मिनिटांचे दहा सेकंद: प्रोजेक्ट करून मायक्रोकंट्रोलर शिकता येतो का?

अंबडचा_फिटर (धागाकर्ता)
भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत एक क्लास केला, आठ शनिवार, आठ प्रोजेक्ट. मग आमच्या इंदिरानगरच्या गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला पंप बसवला: आर्डुइनो ऊनो (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, असलेला बोर्ड), रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), १२ व्होल्टचा छोटा पंप. चालायला हवा दहा मिनिटं, बंद पडतो दहा सेकंदांत. पठ्ठ्याने रिले बदलली, पंप बदलला, अॅडॅप्टर बदलला. एमजी रोडला दोन खेपा झाल्या. प्रोग्रॅम मात्र उघडून पाहिला नाही. का, तर "तो क्लासमध्ये चालला होता".

मी पाहिला. डिलेमध्ये (किती वेळ थांबायचं ते सांगणारी आज्ञा) लिहिलेलं १० गुणिले ६० गुणिले १०००, म्हणजे ६ लाख मिलिसेकंद. ऊनोवर साधा इंट (पूर्णांक ठेवायची जागा) १६ बिटांचा, ३२,७६७ च्या वर त्यात मावत नाही; आकडा मोठा झाला की ६५,५३६ चे पूर्ण फेरे गळून जातात. ६ लाखांतून ६५,५३६ नऊ वेळा वजा करा, उरतात १०,१७६. म्हणजे दहा सेकंद आणि वर चिमूटभर. क्लासमध्ये ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड होता, त्यावर इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे बिनबोभाट चाललं.

माझं मत सरळ आहे. आधी सहा महिने सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, बायनरी, ओहमचा नियम. मग बोर्डाला हात. नाहीतर ही पोरं नुसती वायरी जोडणारी होतील.

दिंडोरीचा_बागाईतदार
दादा, राग मानू नका. ओहमचा नियम मला दहावीला होता, मार्कही पडले होते. पण तो कळला कधी? ५ व्होल्टची नुसती रिले थेट पिनला लावली आणि पिन गेली तेव्हा. मग मल्टिमीटरने रिलेची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) मोजली, ७० ओहम. पाच भागिले सत्तर, म्हणजे ७० मिलीअँपिअरच्या वर. ऊनोच्या चिपला एका पिनवर ४० ही शेवटची मर्यादा, त्यातही २० च्या आत राहावं म्हणतात. त्या दिवशी ट्रान्झिस्टर कशाला असतो (पिनच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालवायला) आणि कॉइलला उलटा डायोड का लावतात (बंद होताना कॉइल मारते तो झटका जिरवायला), हे दोन्ही शिकलो. बीए झालोय मी, सहा महिने बायनरी कुणी शिकवली असती तर पळून गेलो असतो.

मातीत खुपसायचा दोन दातांचा सेन्सर घेतला, त्याचा एक दात काही दिवसांत खाऊन गेला. ओल्या मातीत सतत डीसी करंट सोडला की तांबं झिजणारच. आता रीडिंग घेण्यापुरतीच सप्लाय देतो, नवीन घेतला तो कपॅसिटिव्ह, म्हणजे उघडं तांबं मातीला न लागणारा. आणि द्राक्षाच्या बागेत हवेच्या दमटपणासाठी डीएचटी११ सेन्सर लावला होता, तो ९० टक्क्यांपर्यंतचाच. आम्हाला डावणी या द्राक्षावरच्या रोगाची भीती असते तीच मुळी त्याच्या वर! डेटाशीट (पार्टच्या मर्यादा लिहिलेला कागद) वाचायची असते हे तेव्हा कळलं.

अंबडचा_फिटर
भाऊ, तुम्ही मल्टिमीटर काढलात. भाच्याने नवीन रिले काढली. फरक तिथेच आहे ना? शिवाय तुमची पिन गेली ती फार तर एका बोर्डाची किंमत. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट असले की "करून बघू" चालत नाही. कंपनीत नवीन आलेल्या पोरांचा हात मी दोनदा मागे ओढलाय.

दिंडोरीचा_बागाईतदार
ते शंभर टक्के मान्य. मोटरच्या स्टार्टरला मी हात लावत नाही, वायरमनच लावतो.

तंत्रनिकेतनच्या_बाई
फिटरदादा, तुम्ही म्हणता त्याच पद्धतीने मी कित्येक वर्षं शिकवलं. ८०५१, इंटेलची १९८० सालची मायक्रोकंट्रोलर चिप. ट्रेनर किटवर मुलं जर्नलमधले हेक्स आकडे (मशीनच्या भाषेतला प्रोग्रॅम) बघून बघून दाबायची, डिस्प्लेवर बेरीज आली की सही. तोंडी परीक्षेत सगळे रजिस्टर (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) पाठ. आणि एकदा एलईडी हातात दिला तर लांब पाय कुठला जोडायचा यावर वर्गात शांतता! पायाभूत ज्ञान म्हणजे हे असेल तर नको.

आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेयाच्या डिझाइन संस्थेत निघालं, तेच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आधी दिवा लागावा, मग प्रश्न पडावेत. क्लासचं चुकलं ते इतकंच की त्यांनी चालणारे प्रोजेक्ट दिले. मी आता मुद्दाम बिघडवलेलं सर्किट देते. पुल-अप (बटण न दाबता पिन स्थिर धरणारा रेझिस्टर) नसलेलं बटण, ग्राउंड न जोडलेला सेन्सर. आणि अट एकच, मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

सातपूर_नाईटशिफ्ट
बाई, तुमच्याकडे वेळ आहे, पगार आहे. क्लासवाल्याने बिघडलेलं सर्किट दिलं तर पालक पुढच्या शनिवारी फी परत मागतील. त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला लुकलुकणारा व्हिडिओ हवा असतो.

अंबडचा_फिटर
हे मात्र खरं. फी मीच भरली होती आणि पहिला व्हिडिओ मीच फॅमिली ग्रुपवर टाकला होता. तरीही सी आधीच यायला हवी यावर मी ठाम आहे. सोळा बिटांचं गणित बिघडलेल्या सर्किटात मल्टिमीटरने सापडत नाही.

तंत्रनिकेतनच्या_बाई
मल्टिमीटरने नाही, पण सिरियल मॉनिटरवर (बोर्ड पाठवतो ते कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) ती संख्या छापली असती तर १०१७६ समोर आलं असतं. तेही मोजणंच.

भाचा_हजर_आहे
मामा, माझी अब्रू काढून झाली असेल तर सांगतो. छापून बघितलं, १०१७६ च आलं. मग १० च्या मागे यूएल (आकड्याला मोठी जागा दे, असं सांगणारी खूण) लावलं, आता पंप पूर्ण दहा मिनिटं चालतो. पण नवीन घोळ झालाय. मध्येच बंद करायला बटण लावलंय, ते दहा मिनिटं कितीही दाबा, ऐकतच नाही. बटण बदलू का?

अंबडचा_फिटर
बटणाला हात लावलास तर बघ. डिले चालू असताना तुझा प्रोग्रॅम काय करत असतो, ते आधी कागदावर लिही आणि रविवारी घेऊन ये. मामीने मिसळ केलीये.