मोरोक्कोतलं कासाब्लांका शहर पाहिलेले कोण कोण आहात? अनुभव लिहा

निवांत: काल मरीन ड्राइव्हला गोल कोपऱ्याची, आडव्या पट्ट्यांच्या बाल्कन्यांची एक बिल्डिंग बघितली आणि कासाब्लांकाचा बुलेव्हार मोहम्मद पाचवा आठवला. लोक तिथे विमानातून उतरतात आणि थेट माराकेश गाठतात. मी मात्र मान वर करून त्याच रस्त्यावर हिंडत होतो. १९१४पासून फ्रेंचांनी नगररचनाकार आंरी प्रॉस्तकडून नवं शहर आखून घेतलं. इमारतींचा साचा युरोपातला, पण अंगावर झेलीजच्या रंगीत टाइल्स आणि कोरीव देवदार. काही पार मोडकळीला आल्यात, जीव तुटतो. रियाल्टो थेटर चुकवू नका. तुमचंही येऊ द्या.

खलाशीबुवा: फॉस्फेट भरायला बोट लागायची. बंदरात शिरताना आधी दिसतो तो हसन दुसरा मशिदीचा मिनार, सुमारे २०० मीटर उंच. बाकी शोर लीव्ह (बोटीवरून उतरून फिरायची सुट्टी) म्हणजे पुदिन्याचा चहा. साखर इतकी की डॉक्टर ओरडेल.

मृण्मयी_क: मशीद आतून बघाच!! मोरोक्कोत बहुतेक मशिदींत बिगरमुस्लिमांना सोडत नाहीत, इथे गाइडबरोबर जाता येतं. १९९३ला उघडली, काही भाग चक्क समुद्रावर. छत सरकतं म्हणे, आमच्या वेळी ढिम्म. खाली वुजूसाठी (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी) कमळाच्या आकाराची संगमरवरी कारंजी. साबा (सासूबाई) सगळं बघून म्हणाल्या, एवढी फरशी पुसतं कोण?

निवांत: साबा रॉक्स 😂

टवाळ: +१ साबांना. शाकाहारी लोक काय खातात तिथे?

मृण्मयी_क: शुक्रवारी सात भाज्यांचा कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्या) मिळतो, पण रस्सा बहुधा मटणाचा, विचारून घ्या. कुकर लावलाय, नंतर येते.

गोडबोली: हबूस मोहल्ल्यात कुणीच नाही गेलं? कमानी, गल्ल्या बघून शेकडो वर्षांचं वाटतं, पण तेही फ्रेंच अमलातलंच बांधकाम. मला त्याचं काही नाही, मी बेकरीत होते. कॉर्न द गझेल म्हणजे बदामाच्या सारणाची चंद्रकोरी करंजी, फक्त भाजलेली. किलोभर घेतले, हॉटेलवर पोचेपर्यंत निम्मे.

खलाशीबुवा: ते पांढरं चर्च सांगायचं राहिलं, साक्रे कर. १९३०चं. स्वातंत्र्यानंतर तिथली प्रार्थना थांबली. इमारत भारी, एकदम ताठ.

टवाळ: मृण्मयी, साबा एवढं चालल्या कशा? आमच्या आईचे गुडघे जिना म्हटलं की बोलतात.

मृण्मयी_क: रोज फिरायला जातात. आणि हट्ट.