गाय लंगडतेय आणि माजावरच येत नाहीये, दोन्हीचा संबंध असतो का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, तिसरं वेत, व्यायला आज 95 दिवस झाले. जार वेळेवर पडली होती म्हणून मी निवांत होतो. 22 लिटरवर गेलेली गाय आता 14 वर आलीय आणि दीड महिना झाला मागच्या उजव्या पायाने लंगडतेय. आधी वाटलं मुरगळला असेल, हळद-चुन्याचा लेप लावला, चार दिवस बरं वाटल्यासारखं झालं आणि परत तेच. उभी असली की तो पाय नुसता टेकवल्यासारखा धरते, पाठीला कमान काढते, बाकीच्या गायी वैरण खात असतात तेव्हा ही बसलेली.

माजाचं म्हणाल तर पन्नासेक दिवसांनी एकदा सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला होता, पण हंबरली नाही की कुणावर चढली नाही, म्हणून मी सोडून दिलं (चुकलंच). त्यानंतर काहीच नाही. रेतन करणारे म्हणतात इंजेक्शन देऊन माजावर आणू, शेजारचे काका म्हणतात बाजार दाखव, आई म्हणते आधी तिचा पाय बघा रे. आईचं पटतंय पण पायाचा आणि पिशवीचा (गर्भाशयाचा) काय संबंध? खुराक मका मुरघास, थोडा कडबा, आणि व्याल्यावर दूध वाढावं म्हणून पेंड आठवडाभरातच रोजच्या 3 किलोवरून 9 वर नेली. गोठ्यात कोबा आहे, गाय दिवसभर दाव्याला.

उत्तर: भाऊ, आई बरोबर आहे. लंगडी गाय गव्हाणीकडे कमी जाते, खाणं तुटतं, दूध मात्र चालू, मग अंगावरची चरबी झडते आणि माज लांबतो. दुखण्याच्या ताणाने बीज सुटायचा हार्मोनही वेळेवर येत नाही. आणि पाय ठणकत असताना ती दुसरीवर चढणार कशी? तुमचा तो सोट म्हणजे मुका माजच (हंबरणं-चढणं न दाखवणारा माज) असणार. पेंड एकदम वाढवलीत तिथे पोटात आम्ल झालं असेल, त्याचा मार खुराला बसतो पण दिसतो दीड-दोन महिन्यांनी, कारण तळवा महिन्याला जेमतेम 5 मिलीमीटर वाढतो. डॉक्टरांकडून बाहेरच्या बाजूचं खूर साळून बघा, मागच्या पायात बहुतेक तिथेच असतं.

धागाकर्ता: आज गाय खोड्यात (जनावर धरून ठेवायच्या चौकटीत) घालून पाय उचलला. बाहेरच्या खुराच्या तळव्यावर अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग, जरा दाबला तर गायीने खोडा हलवला. डॉक्टरांनी तेवढं कोरून काढलं, आतल्या चांगल्या खुराला लाकडाचा ठोकळा चिकटवला. हात घालून पिशवीही तपासली, स्वच्छ आहे म्हणाले, इंजेक्शनची घाई नको.

उत्तर: छान झालं. आता रोज पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी गोठ्यात चक्कर मारा, बसलेल्या गायीच्या मागे सोट पडलाय का बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्या. आणि कोब्यावर मॅट तरी टाका.

धागाकर्ता: मॅटपेक्षा मुक्त संचारच (गायी न बांधता मोकळ्या ठेवायचा गोठा) करावा म्हणतोय, जागा आहे. कुंपणाला जाळी बरी की पाइप?